श्रीपतमामांच्या गाडीचा गेलेला आवाज

ती. श्रीपतमामा यांस,

गास गावाहून भाचा चिराग याचा वाकून नमस्कार (खरं तर कंबर अजून वाकत नाही, कारण पुढे येईलच). पायाची जखम भरत आली, रक्तातली साखरही उतरली असं क्षितिजाताई म्हणाली, जीव भांड्यात पडला. नाशिकला ताईकडे थंडी असेल, मोजे घालत जा. इकडे सगळे खुशाल, म्हणजे काल दुपारपर्यंत होते. मी अजून हादरलेलोच आहे. फोनच करणार होतो, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि ताई तिथूनच मामींना सगळं कळवते. म्हणून पत्र. एकटे असाल तेव्हा वाचा.

जाताना तुम्ही म्हणालात, गाडीला रोज नुसती किक मार, बाहेर काढू नकोस. मी बाहेर काढली. (किक मारली की ती इतक्या आशेने धडधडते की परत स्टँडला लावायला मन होत नाही.) पण मामा, ब्रेक दाबला की मागचं चाक काय किंचाळतं! भुईगावच्या किनाऱ्यावर गेलो तर सुरूच्या झाडांत बसलेली जोडपी उठून उभी राहिली. म्हटलं, तुम्ही यायच्या आत हा आवाज घालवू. खूश होऊन तरी मला एकदा सापुताऱ्याला गाडी न्यायला द्याल. नाहीतर तुमचं ठरलेलंच, ‘चुगलखोराला गाडी मिळणार नाही.’ रोवेनाबाईंच्या बेकरीत तुम्ही क्रीमरोल खाल्ला की मीच मामींना सांगतो, हा आळ किती वर्षं सोसतोय मी!

तर मोबाईलवर बघून चाक खोललं. आतून एवढी काळी धूळ निघाली की मी शिंकतच बसलो. ब्रेक शूला पॉलिश पेपर मारला, इथवर बरोबर होतं. मग तो व्हिडिओवाला म्हणाला, आता अगदी थोडं ग्रीस, आणि तेवढ्यात जाहिरात आली. जाहिरातीनंतर मी खेकडे पकडायच्या व्हिडिओवर कसा गेलो ते मलाही माहीत नाही (खेकडा मागून धरायचा असतो, बरं का). परत आलो तेव्हा ग्रीस कुठे लावायचं ते विसरलो होतो. म्हणून सगळीकडे लावलं. शूला जरा जास्तच.

आवाज गेला! क्लेमेंटकाकांच्या केळीच्या वाडीपाशी वळण येतं ना, तिथे मी ब्रेक दाबला. काही वाजलं नाही. मला एवढा आनंद झाला की गाडी थांबतच नाहीये हे लक्षात यायला वेळ लागला. कुंपण मोडून आत. केळीचा अख्खा घड माझ्या मांडीवर. क्लेमेंटकाका धावत आले आणि त्यांनी आधी घड उचलला, मग गाडी, मग मला.

ढकलत मेलरॉयच्या गॅरेजला नेली. त्याने ड्रम उघडला, ग्रीस बघितलं आणि कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. ड्रम पेट्रोलने धुतला, नवे शू टाकले, गाडी गुपचूप जागच्या जागी थांबायला लागली. मी म्हटलं, “मेलरॉयदादा, एवढं सोपं होतं, तर मामांना दर वेळी ‘जुनी गाडी आहे काका, ओरडणारच’ असं का सांगता?” त्याने आजूबाजूला बघितलं. “अरे बाबा, तुझ्या मामीनेच सांगितलंय, आवाज घालवायचा नाही म्हणून. बरणीभर लोणचं येतं त्याचं.”

मामा, मी तिथेच टायरवर बसलो आणि बाकीचं त्याच्याकडून काढून घेतलं. मामी ओट्यापाशी उभ्या राहून तुमचा ब्रेक मोजतात! फाटकाशी एकदाच वाजला तर तुम्ही सरळ घरी आलात. आधी गल्लीच्या तोंडाशी वाजला तर बेकरी. त्या दिवशी ताटात कारलं. आणि तुम्ही नळावर चुळा भरून, मिशी पुसून, बडीशेप चावत यायचात! मामींना अंतर्ज्ञान आहे असं समजून, ते जावं म्हणून देवीला नारळसुद्धा फोडलात!

मी दुरुस्त गाडी घेऊन आत शिरलो तर मामी केवढ्याने दचकल्या, हातातलं पातेलं खाली. “आवाज कुठाय?” म्हटलं, घालवला. त्या पाटावर बसल्याच. “कोनी सांगितलं होतं तुला? पायाचा अंगठा वाचला असं डॉक्टर एकदाच सांगतो, परत नाय सांगनार. आता हा मानूस कुठं थांबला ते मला कसं कळनार?”

पायाची काळजी घ्या. ताईला नमस्कार.

तुमचा निर्दोष भाचा,
चिराग

ता. क. मेलरॉय म्हणतो, चांगला ब्रेक वाजवून देणं त्याला जमत नाही, पण भरपूर धूळ खाल्ली की गाडी आपणहून ओरडायला लागेल. सापुताऱ्याच्या रस्त्याला धूळ चांगली असते असं ऐकतो. तेवढी परवानगी द्यावी.

ता. क. २. पाकीट चिकटवायला भात घ्यायला गेलो तेवढ्यात मामींनी पत्र वाचलं. त्या म्हणतात, धूळ नाशिकच्या रस्त्यालाही असते, तिकडेच जा आणि डॉक्टर सोडतील तेव्हा माझ्या मानसाला घेऊन ये. आवाज नाही तर संध्याकाळी चहा कधी टाकायचा तेच कळत नाही. तिथून पुढे सापुताऱ्याला जायलाही त्यांची हरकत नाही. अट एकच, तुम्ही कुठे थांबता ते यापुढे मी सांगायचं. मी हो म्हटलंय.

ता. क. ३. पुढच्या आठवड्यात निघतो. हातात क्रीमरोल असेल तर आत्ताच संपवा. गाडी आता वाजत नाही.