पाचव्या मजल्यावरचं बक्षीस

लातूर, शनिवार

तीर्थरूप आक्काच्या पायावर धाकट्या ग्यानोबाचा साष्टांग नमस्कार. (जुन्या पत्र्याच्या खोलीत हातपाय पसरायला जागा न्हाई, म्हणून साष्टांग मनातल्या मनात घातला हाय.)

तुझा गुडघा कसा हाय? देवणी गाय व्याली का? फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू "हाव, बरं हाय, ठेव आता" म्हणतीस आन् माझं सगळं पोटातच राहतं. किल्लारीला टपाल उशिरा येतं, तरी म्हणलं लिहूच. पत्र मधी तोडता येत न्हाई.

तर आक्का, आपल्याला लातुरात घर लागलं! स्वतःचं! क्लासमधी पोरांना पेपर वाटणाऱ्या शिपायाला सोडतीत घर लागलं म्हणून आमच्या सरांनी माझाच सत्कार केला (हार कालचा होता, पण नारळ ताजा होता). आता हे घर इतक्या स्वस्तात कसं, असं तू विचारशील, म्हणून सांगतो. महापालिकेनं बिल्डरांना सांगितलं, बाबांनो, गरिबांसाठी थोडी लहान घरं स्वस्तात बांधा, मग बक्षीस म्हणून तुम्हाला दोन मजले जास्तीचे चढवू देतो. हा कायदा बहुतेक पुण्या-मुंबईकडं बसून केलेला असावा, कारण तिकडं माणूस उंचावरच्या घराला जास्त पैसे मोजतो. आपल्या लातुरात भूकंपापासून गिऱ्हाईक पहिलं विचारतं, "कितवा मजला?" तिसऱ्याच्या वरचा आकडा ऐकला की चहा न पिताच उठतं. आमचे बिल्डर आप्पासाहेब आधी बक्षिसावर लई खूश झाले, आन् वरचे दोन मजले विकायला निघाल्यावर डोक्याला हात लावून बसले. मग त्यांनी कायदा नीट वाचला. गरिबांना किती घरं द्यायची ते त्यात होतं, कितव्या मजल्यावर द्यायची ते नव्हतं. झालं! खालचे मजले डॉक्टर-प्राध्यापकांना गेले आन् आप्पासाहेबांना मिळालेल्या बक्षिसात आम्ही राहायला आलो. पाचवा मजला. (आप्पासाहेब स्वतः बसक्या घरात राहतात आन् वर पत्रे हायत, हे मी डोळ्यांनी बघितलंय.)

घर मात्र देखणं हाय गं. दोन खोल्या, ओटा, नळ घरातच. खिडकीतून सगळं लातूर दिसतं. जिकडं बघावं तिकडं क्लासच्या पाट्या आन् त्यावर हसणारी पोरं. आपल्या पुनमचं बारावीचं वर्ष हाय, तिला अभ्यासाला पहिल्यांदा स्वतःचा कोपरा मिळाला. ती भूकंपानंतरची, तिला पाचवा काय आन् पंधरावा काय! पण तुझी भावजय पार्वतम्मा? बाईमाणूस, आधीच भित्री. मी कितीबी समजावलं तरी उपयोग न्हाई. असो.

वास्तुशांतीला तुला बोलावलं न्हाई याचा राग धरू नकोस. न्हाई आलीस तेच बरं झालं. गुरुजी तिसऱ्या मजल्यापर्यंत आले आन् म्हणाले, मंत्र वर जातातच, मी जिन्यातूनच म्हणतो. शेवटी पुनमनं हाताला धरून वर आणलं. पूजा झाली, पंगत बसली. पार्वतम्मानं आपल्या सवयीनं फळीवर तांब्यावर तांब्या उलटा रचून ठेवलेला (आपल्याकडं भूकंपानंतर घरोघर असायचा तसा, जमीन हलली की पडून आवाज करणारा). दुसरं वाढप चालू होतं, आन् गच्चीवरची पाण्याची मोटर कुणीतरी चालू केली. भिंत जराशी थरथरली, तांब्या खाली आला. आक्का, काय सांगू तुला! "भूकंप" असं कुणी म्हणलंसुद्धा न्हाई. सगळी पंगत ताटं घेऊन जिन्यात. निलंग्याहून आलेले आमचे सासरे शरणप्पा, ज्यांना एरवी उठायला दोन माणसं लागतात, ते कानडीतून देवाला हाका मारत माझ्या पुढून गेले. आन् सगळ्यांच्या पुढं कोण? आप्पासाहेब! हातात वरणाची वाटी, एक थेंब सांडू दिला न्हाई. स्वतः बांधलेल्या इमारतीवर माणसाचा विश्वास असावा तर असा. मग उरलेलं जेवण खाली पार्किंगमधी झालं. सगळे म्हणाले, घर झकास हाय, पण वर परत कुणी आलं न्हाई. शेवटी साऱ्यांच्या चपला पोत्यात भरून मीच खाली आणल्या आन् ओळख परेड केली.

इथवर ठीक होतं. पण महापालिकेचा नियम असा की ज्याला घर लागलं त्यानं कुटुंबासकट तिथंच राहायचं. आमच्या मजल्यावर बऱ्याच जणांनी घरं क्लासच्या पोरांना भाड्यानं दिली आन् स्वतः जुन्या खोल्यांतच राहिले. ती पोरं कुठं भितात? परवा भल्या सकाळी पालिकेचे साहेब तपासणीला आले. शेजारच्या दारात विचारलं, कुटुंबप्रमुख कोण? तर टॉवेल गुंडाळलेला एक पोरगा म्हणाला, "सर, आज माझा बायोलॉजीचा पेपर हाय, प्रमुख उद्या ठरवू." साहेब जे तापले! त्या तावात आमच्याही नावापुढं "कुटुंब अपुरं" असं लिहून गेले. आता या महिनाभरात कोणत्याही सकाळी परत येणार. सगळं कुटुंब झोपून उठलेलं दिसलं न्हाई, तर घर रद्द आन् पुढच्या नावाला. जन्मात एकदा पक्कं घर लागलं आक्का, आन् ते असं हातचं जाणार. भित्र्या माणसाला कोण काय सांगणार!

दाजींना नमस्कार. तब्येतीची काळजी घे, दूध सगळं विकू नकोस, थोडं पीत जा.

तुझा
ग्यानोबा

ता. क. जमलं तर चार दिवस ये. पुनमला आत्याची लई आठवण येते.

ता. क. २. वन्सं, मी पार्वतम्मा. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडं दिलं, मी वाचलं. मी आन् पुनम पहिल्या दिवसापासून वरच झोपतो, हवा छान येते. पत्र्याच्या खोलीत एकटे झोपतात ते तुमचे भाऊ. अपुरं कुटुंब ते हेच. तांब्यासुद्धा त्यांनीच रचला होता. वन्सं, घर जाईल हो, तुम्ही काहीतरी करा.

ता. क. ३. हिनं पत्र पेटीत न टाकता परत माझ्या हातात दिलं. तिनं लिहिलं ते खरं हाय. दोनदा वर अंथरूण टाकलं, दोनदा खाली आलो. डोळा लागला की माती नाकात जाते आन् तुझा हात शोधतो. त्या पहाटे तूच मला ओढून काढलंस. आता तू म्हणशील, अरे येड्या, मी स्वतः सरकारनं दिलेल्या पक्क्या घरात अजून झोपत न्हाई, अंगणात खाट टाकते, मला कशाला पाचव्या मजल्यावर बोलावतोस? आक्का, म्हणूनच बोलावतो. या दोघी गाढ झोपतात, त्यांच्यात मला एकटं वाटतं. तू ये. आपण दोघं दाराजवळ बसू, दार उघडं ठेवू. तुला भ्या वाटलं तर मला सांग, मला वाटलं तर मी तुला सांगतो. सकाळी साहेब येतील तेव्हा घरात सगळे असतील.