देव्हाऱ्यातली चिनी वही

आबा, रिहे गावातलं आपलं घर भाड्याने द्यायचं म्हणून काल देव्हारा उतरवला. उतरवण्याआधी खालच्या फळीवर हात फिरवून पाहिला. तुमची वही तिथे नाही हे साठ वर्षं माहीत असूनही पाहिला.

तुम्ही गावचे मास्तर, पण तुमची खरी शाळा रविवारी स्वयंपाकघरात भरायची. पौडच्या दवाखान्यातले ख्रिस्ती कंपाउंडरकाका प्रार्थना उरकून एस.टी.ने यायचे, मी पोहे परतायचे आणि तुम्ही दोघं तांदूळ निवडावेत तशी जगाची संस्कृती निवडायला बसायचात. वहीच्या डाव्या पानावर कन्फ्यूशियसचा विचार, उजव्या पानावर येशूचा, नाहीतर ग्रीकांचा. एकदा मेंढीवरून पेटलं. बापाने मेंढी चोरली तर मुलाने काय करावं? तुमचा चिनी गुरू म्हणे, झाकावं. बापलेकांनी एकमेकांचं झाकावं, सरळपणा त्यातच आहे. काका पाटावरून उठलेच. "मास्तर, देव बापाहून मोठा. खरं ते खरं." तुम्ही हसलात. "घरात माया शिकला नाही तो देवाच्या दारात काय शिकणार?" "आणि घरात झाकायला शिकला, तर गावाचं काय होणार?" काकांनी विचारलं आणि तुम्ही वहीचं पान उलटलंत. मी अठराची, शहाणपणा उतू जात होता. म्हणाले, "मी तर सांगून टाकेन." तुम्ही मान वर न करता बोललात, "सांगशील. पण कुणाला सांगतेस ते आधी बघ." एवढंच काय ते तुमचं रागावणं. मला तेही लागलं होतं.

त्या दसऱ्याला पाटीवरच्या सरस्वतीशेजारी तुम्ही वही पूजेला मांडलीत. आई म्हणाली, "चिन्याला कशापायी हळदकुंकू?" विद्येला गाव नसतं, म्हणालात, आणि पूजा झाल्यावरही वही देव्हाऱ्यातच राहिली. मग चीनचं युद्ध सुरू झालं. लोक पारावर रेडिओभोवती जमायचे आणि तुम्ही दिसलात की बोलणं थांबायचं. तुम्ही मात्र वर्गात नेहमीसारखं चिनी गुरूचं सांगत राहिलात. मुलांनी ते घरोघरी नेलं. दिवाळीत आपल्याकडे कुणीही फराळाला आलं नाही. आईने ताटं तशीच झाकून ठेवली.

भातकापणीचे दिवस. तुम्ही शाळेत, आई खाचरात. भर दुपारी दारात दोघं उभे आहेत, एक गावातला, एक पुण्याकडचा अनोळखी. गावातला म्हणतो, "चिन्याचं लिवल्यालं हाय म्हनं तुमच्यात. कुटं हाय?" मी गप्प. "न्हाई सांगितलंस तर आबास्नीच न्यावं लागंल." मी देव्हाऱ्याकडे बोट दाखवते. तो वहाणा काढून आत येतो, वहीवरच्या हळदकुंकवाला आधी हात जोडतो, आणि मग वही काखेला मारतो.

आठवड्याभरात तुमची नोकरी गेली. रविवारी काका आले ते उंबऱ्यातच थांबले. "वही कुणी दाखवली?" मी चहा घेऊन उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. "मीच दिली," म्हणालात. काकांचा चेहरा उतरला. "स्वतःच्या हाताने? भिऊन?" तुम्ही मान हलवलीत. काका चहा न घेता गेले आणि पुन्हा कधी आले नाहीत. तुम्ही गेलात तेव्हासुद्धा नाही. तुमच्या गुरूने सांगितलं तसं तुम्ही माझं झाकलंत, आणि त्यापायी तुमचा एकुलता एक मित्र तुम्हाला भेकड समजून मेला. सांगून टाकणारी मी, ट्रे धरून उभी.

हे पत्र कुठे धाडणार? पण एक राहिलं. आबांना न्यावं लागेल असं तो माणूस म्हणालाच नव्हता. ते मी आत्ता वर माझ्या पदरचं घातलं. त्याने एकदाच विचारलं, "कुटं हाय?" आणि मी लगेच बोट दाखवलं.