आयर्लंडची मुदतवाढ आणि तुझा गुडघा

टाकानिनी, ऑकलंड
१ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप अक्का,

साष्टांग नमस्कार. (टेबलाशी बसूनच, इथल्या गालिच्यावर आडवं झालं की सूनबाई अँब्युलन्स बोलावायला धावते.) गुडघा कसा आहे? वीस तारखेच्या तुझ्या ऑपरेशनला मी पुण्यात हजर असेन असं कबूल केलंय, ते पक्कं लक्षात आहे. त्याचं शेवटी लिहितो, कारण आधी बातमी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही: काल मी आयर्लंडला वाचवलं!

माझी नात, म्हणजे शार्दूलची श्रिया, कॉलेजात (इथे शाळेलाच कॉलेज म्हणतात) अर्थशास्त्र शिकते. वर्गात लुटुपुटुची परिषद होती. आयर्लंडच्या बँका बुडायला निघाल्या तेव्हा सरकारने त्यांना वाचवायला भलंमोठं कर्ज डोक्यावर घेतलं होतं, आणि हप्ते भरताना देश मेटाकुटीला आलेला. श्रियाचा गट आयर्लंडच्या बाजूचा; तिने सवलत मिळवायची, नाहीतर मार्क गेले. प्रत्येक गटाला एक वडीलधारा सल्लागार नेता येत होता. सहकारी बँकेत एकतीस वर्षं वसुली केलेला माणूस घरात रिकामा बसलेला, तिने मलाच नेलं. मी कोट घातला. त्यांच्या बाई जँडल्समध्ये (आपल्या रबरी चपला गं). त्या "किया ओरा" (इथला माओरी नमस्कार) म्हणाल्या, मीही म्हणालो.

आता खरं सांगतो, माझं चुकलं. समोर युरोपच्या मध्यवर्ती बँकेची म्हणून तीन मुलं बसलेली. त्यातल्या एकाने विचारलं, आयर्लंडकडे विकण्याजोगं काय आहे? इतक्या वर्षांची सवय, मी उठलो आणि बंदरं, गाई, विमानतळ, सगळं भराभर सांगून टाकलं. वर आयर्लंडकडेच दोन जामीनदार मागितले. श्रिया दबक्या आवाजात म्हणाली, "आजोबा, वी आर आयर्लंड." अक्का, माझी कानशिलं तापली.

मग तिला बाजूला घेऊन धंद्यातली आतली गोष्ट सांगितली. कर्जमाफी मागायची नाही. माफी दिली की वसुलीवाल्याला वरचे साहेब फाडून खातात. मुदत मागायची. खातं बुडीत न दिसता चालू दिसतं, त्याचा मार्चअखेर सुखाचा जातो. त्याला काय मिळणार ते आधी सांगायचं, आपलं रडगाणं नंतर. पोरीने ते असं काही मांडलं की चाळीस वर्षांची मुदत मिळाली, व्याजही उतरलं! मी उभा राहून टाळ्या पिटल्या. (बाईंनी दोनदा बसायला सांगितलं.) एरवी माझ्याशी मान हलवण्यापलीकडे न बोलणारी ती, घरी येईपर्यंत गाडीत अखंड बोलत होती. इंग्रजीतच, निम्मं मला कळलं, पण फार फार बरं वाटलं.

तुझा,
चंदू

ता. क. श्रियाची पुढची फेरी पंचवीस तारखेला वेलिंग्टनला आहे. सल्लागार अर्थात मीच. तेव्हा ऑपरेशन रद्द कर असं म्हणत नाही, फक्त जानेवारीपर्यंत मुदत दे.

आणखी एक ता. क. हे पत्र आत्ता मोठ्या हौसेने श्रियाला वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेऊन तिने चक्क मराठीत विचारलं, "पण यात अक्काआजीला काय मिळतं?" सतरा तारखेचं पुण्याचं तिकीट काढलं आहे. ऑपरेशनची तारीख बदलू नकोस.