गोसेगोच्या आईने मुसळ उचललं

चि. गोसेगो यास मोलेपोलोलेहून केबाडिरेमामाचे पोटभर आशीर्वाद. शेळ्या ठीक, माझा गुडघा बेठीक, आणि तुझी आई आम्हा दोघांपेक्षा (म्हणजे गुडघा आणि मी) धडधाकट. तुझी आणि तिरोची तब्येत कळव. (तिरोचं नाव पहिल्यांदाच लिहितोय, अक्षर हललं असेल तर दोष पेनचा.)

शनिवारी तुझ्या मावसबहिणीचं लग्न झालं. मांस शिजवून कुटायचं काम पुरुषांचं, आणि हंड्यापाशी म्हातारा राडिपित्से मुकादम. आता तुला ठाऊक नसेल, पण तू तिरोबरोबर राहायला गेल्यापासून सहा वर्षं, 'पोरगा का येत नाही' असं कुणीही विचारलं की तुझी आई 'त्याला सुट्टी मिळत नाही' एवढंच सांगायची. तुझा साहेब गावात फार बदनाम झालाय. त्यात तिला सगळे 'गोसेगोची आई' म्हणूनच हाक मारणार. म्हणजे दिवसातून वीसदा तुझं नाव ऐकायचं आणि तू मात्र दिसायचा नाहीस. दर शुक्रवारी ती टोमॅटो आणायला म्हणून तुझ्या फ्रान्सिसटाऊनहून येणाऱ्या बसपाशी जाऊन उभी राहते. टोमॅटो आपल्या परसात आहेत.

तर ती पाणी घेऊन आली, तेव्हा राडिपित्से इतरांना डोळा घालून म्हणाला, "काय गोसेगोची आई, पोराचं लग्न कधी?" मी मीठ बघायला हंड्यात वाकलो. (मीठ बरोबर होतं.)

"त्याला त्याचं माणूस मिळालंय," ती म्हणाली. "तिरो नाव त्या मुलाचं. हसायचं तर माझ्याकडे बघून हसा."

"बाई, असलं बोलायची ही जागा नव्हे."

"मग मुसळ इकडे द्या. मी कुटते, तुम्ही जागा शोधा."

पुरुषांच्या हंड्याला बाईने हात लावलेला मी साठ वर्षांत पाहिला नव्हता. ती कुटत होती आणि रडत होती. कुणी अडवलं नाही. मग मीही दुसरं मुसळ घेऊन शेजारी उभा राहिलो. (जरा उशिराच.) मांस इतकं मऊ झालं की दात नसलेल्यांनी तीनतीनदा मागून घेतलं, त्यात राडिपित्सेही होता.

तुझा मामा,
केबाडिरे

ता.क. महिनाअखेरीस दोघंही या. मी मागची खोली रंगवतोय.

आणखी ता.क. तू सुरुवातीला घरी फोन करायचास, तेव्हा 'आई बोलायला तयार नाही' असं मी सांगायचो. तिला मी कधी विचारलंच नव्हतं. तिला सांगायचो, पोरगा रागावलाय, फोन करू नकोस. हे तिला अजून ठाऊक नाही. तू आलास की तुझ्यासमोर सांगेन. एकट्याला धीर होत नाही.