सवतमाळावरचे खिळे

माघ शुद्ध द्वितीया, फसली १३३५

पाटोद्याहून बैलगाडीने निघालो आणि दुपारी इथे टेकलो. हाडं खिळखिळी झाली, पण मन खूश आहे. कंपनीने या डोंगरपट्टीत लोखंडाच्या खाणीचा पट्टा घेतलाय. जमिनीखाली धातू कुठे दडलाय ते चुंबकसुईने शोधायचं काम माझ्याकडे आलं आहे. माझ्याकडे म्हणजे आम्हा दोघांकडे. दुसरे विठ्ठलराव. माझ्याहून लहान, हैदराबादेत शिकलेले, तोंडात साखर. वरचा माळ त्यांच्याकडे, गावाला लागून असलेला उतार माझ्याकडे. ज्याच्या हद्दीत सुई कलेल तो मुख्य सर्वेअर, असं साहेबांनी सांगून ठेवलंय. ती जागा माझी आहे. इतकी वर्षं उन्हातान्हात काय उगाच हिंडलो?

घर उताराच्या पायथ्याशीच मिळालं. परसात मोठा कडुनिंब आहे. मनकर्णा आल्या आल्या अंगण झाडायला लागली. आमच्या लग्नाला अजून वर्ष व्हायचंय. माझ्या पहिल्या बायकोचा, सुंदरचा, टाक, म्हणजे तिच्या नावाची चांदीची उठावाची प्रतिमा, ती बिनतक्रार गळ्यात घालते. सुंदर मानमोडीच्या साथीत गेली. डावखुरी होती आणि महा संशयी. शेजारणीच्या भाजीला मी बरं म्हटलं की घरात अबोला. मेले तरी दुसरी नांदू देणार नाही, म्हणायची. खरं सांगायचं तर मला ते ऐकायला गोड वाटायचं.

माघ शुद्ध तृतीया

घरमालकीण वच्छलाबाई स्वतः दुसरेपणावर दिलेली. तिने मनकर्णेला चूलच पेटवू दिली नाही. म्हणाली, "आदी सवतमाळावर खिळा ठोकून ये, बाई. मेलेलीचा जीव लई वंगाळ. खिळा न्हाई ठोकला तर ती तुज्या जागी येऊन बसती."

इथली रीतच आहे म्हणे. बिजवराला दिलेली बाई गावात आली की माळावरल्या बोरीखाली पहिलीच्या नावाने लोखंडी खिळा ठोकते. पुरुषांनी तिकडचं काही विचारायचं नाही. मनकर्णा जाऊन ठोकून आली. मी तिची यथेच्छ थट्टा केली. ती हसली नाही.

काम सुरू केलं. आमची सुई पितळी चौकटीत उभी फिरते. खाली लोखंड असलं की तिचं टोक जमिनीकडे वाकतं. म्हणून सुईजवळ जाताना चाकू, किल्ल्या, नाल लावलेले जोडे सगळं लांब काढून ठेवायचं. मी अनवाणी उतार पालथा घातला. सुई ढिम्म हलली नाही.

माघ शुद्ध षष्ठी

विठ्ठलरावांची सुई कलली. कलली म्हणजे थेट पाताळाकडे बोट. गडी त्यांना खांद्यावर घेऊन नाचले. मनकर्णा म्हणाली, भारी हुशार आहेत हो विठ्ठलराव. मी ताट पुढे सरकवलं. माझ्या घरात, माझ्या ताटापुढे बसून माझी बायको त्याचं कौतुक करते!

जागा कुठली म्हणून विचारलं. म्हणे, एका जुन्या बोरीखाली.

मी मोठ्याने हसणार होतो. या शहाण्याला खाण सापडलेली नाही, बायकांचे खिळे सापडलेत! पिढ्यानपिढ्यांचे. सांगून टाकावं, फजिती पाहावी, असं मनात आलं. पण सांगितलं तर साहेब काम गुंडाळतील आणि दोघेही हात हलवत परत जाऊ. मग मला काय मिळालं?

माघ शुद्ध अष्टमी

आज पाटोद्याचा बाजार. गाव ओस. विठ्ठलरावही गेले. मी भर दुपारी पहार घेऊन माळावर गेलो. खिळे मुळाशी घट्ट रुतले होते, गंजून एकमेकांना चिकटलेले. वरचाच एक नवा होता. तो मनकर्णेचा. तो तेवढा निघेना. निघाला तेव्हा टोक गरम लागलं. उन्हाने असेल.

सगळे गोणपाटात भरले आणि घरामागे कडुनिंबाखाली खोल पुरले. ही जागा माझ्या हद्दीत येते. जाऊन सुई धरली. कलली! माझ्यासाठी पहिल्यांदाच कलली. मी लहान पोरासारख्या उड्या मारल्या.

माघ शुद्ध एकादशी

साहेब आले. बोरीखाली विठ्ठलरावांची सुई सरळच्या सरळ. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. कडुनिंबाखाली माझी सुई वाकली. साहेबांनी पाठ थोपटली. प्रतिपदेला हुकूम घेऊन येतो, तेव्हा पुन्हा सुई पाहतो, म्हणाले. विठ्ठलरावांनी माझं मनापासून अभिनंदन केलं. त्याचाच जास्त राग आला. माणसाने जळावं तरी!

मनकर्णेने आज मला डाव्या हाताने वाढलं. मी रागावलो. तिचं लक्ष नव्हतं.

माघ शुद्ध त्रयोदशी

मनकर्णा अंथरुणाला खिळून आहे. टाक बोचतो म्हणते. काढायला गेलो तर गळ्यात रुतून बसलाय. गंमत म्हणून सुई जवळ नेली. टोक टाकाकडे वळलं.

चांदी सुईला ओढत नाही. कधीच नाही.

माघ शुद्ध चतुर्दशी

वच्छलाबाई माळावर गेली होती. रिकामी भोकं पाहून आली. तिच्या तोंडावर रक्त नव्हतं. खिळे कुणी काढले, ते आजच्या आज ठोका, न्हाईतर ही पोरगी न्हाई वाचत, म्हणाली. माझ्याकडेच बघत होती.

ठोकले तर सुई तिकडे कलणार. पुन्हा विठ्ठलराव. पुन्हा त्यांना खांद्यावर घेतील.

साहेब आले, हुकूम दिला, की लगेच ठोकतो. तेवढ्याने काय होतं?

पौर्णिमा

मनकर्णा झोपेत माझ्याशी भांडते. आवाज तिचा नाही. मला ओळखीचा आहे. लिहवत नाही—

माघ वद्य प्रतिपदा

हुकूम हातात आला. मुख्य सर्वेअर. विठ्ठलराव गाशा गुंडाळून परत गेले.

धावत घरी आलो. मनकर्णा उठून चुलीपुढे बसलेली. ठणठणीत. देवा! तिने ताट वाढलं. डाव्या हाताने. विचारलं, वच्छलाबाईची भाजी फार आवडते का तुम्हाला—

दुपार

तिच्या हातात नवा खिळा आहे. सवतीच्या नावाने ठोकायचाय, म्हणते.

मी विचारलं, कुठली सवत?

म्हणाली, मनकर्णा.

मनकर्णा तर माझ्यासमोर बसली आहे, म्हटलं. ती हसली. परसाकडे बोट केलं—

कोनाड्यातली सुई परसाकडे ताणली आहे. चौकट थरथरतेय.

कडुनिंबाखाली खिळा धरून बसली आहे. चला, तुम्ही हातोडा घ्या, म्हणते. लाडाने म्हणते. सुंदर अशीच—

नाही ठोकला तर ही सोडणार नाही— आणि ठोकला तर ती कायमची खाली—

जमिनीखालून बांगड्या वाजताहेत. मनकर्णा माझं नाव कधीच घेत नाही. आज घेतेय. खालून. सारखी घेते—