फोनवरून घेतलेली बाग

५ मार्च ९९, शुक्रवार. फुजैरा
नमाजहून आलो तोच अब्बांचा फोन. दम लागतो, डोळे मिटायच्या आत बागेचं बघा म्हणाले. एकशेचाळीस हापूस कलमं. निम्मी माझ्या इथल्या पगारावर उभी राहिली. अब्बांमागे शरीयतीने पाच वाटे: मला दोन, धाकट्या सलीमला दोन, बहीण झुबेदाला एक. तिचा नवरा तो विकून खाणार. आपल्या बागेत चिपळूणकर जावई नको.

११ मार्च
टायपिंग सेंटरच्या कादरभाईंना विचारलं. पूर्वी रत्नागिरीला वकिलाकडे कारकून होते. रजिस्टर बक्षीसपत्राला स्टँप, तीन हजार दिरहम, म्हणजे पस्तीस हजार रुपये. त्यापेक्षा तोंडी हिबा करा म्हणाले, म्हणजे शरीयतीतलं बक्षीस. "बापाने दिली म्हणायचं, मुलाने घेतली म्हणायचं, दोन साक्षीदार, आणि ताबा. खलास." स्टँप नाही. शिवाय हयातीत दिलेल्यात बहिणीचा वाटा नाही. मला हे दुसरंच जास्त आवडलं. खरं लिहितो, इथे कोण वाचतंय.

१९ मार्च
हिबा झाला. फोनवर. अर्धी लतीफला दिली, अर्धी सलीमला, असं अब्बा बोलले. मी कबूल म्हटलं. साक्षीला सलीमने मोहल्ल्यातले दोघे बसवले होते. ताब्याला मी जातीने हवा. बंदरावरच्या आमच्या टर्मिनलला माणसं कमी, फोरमन सुट्टी देईना. आणि तिकीटही जिवावर आलं. सलीम म्हणाला, "भाई, कशाला येतोस? तुझ्या वतीने मी घेतो ताबा." म्हटलं घे.

२ जून
झुबेदाला कळलं. भांडली नाही. "अब्बांची औषधं चिपळूणहून मी नेऊन देते, हे तरी माहीत आहे ना तुला?" मी उन्हाळ्याचं बोललो. ४६ डिग्री वगैरे.

१४ जाने. २०००
अब्बा गेले. पोचलो तोवर माती झाली होती.

२२ जाने., गावी
बागेत गेलो. पंपाच्या खोलीला नवं कुलूप. सलीमने कागद काढला: सगळी बाग तोंडी हिबाने सलीमला, ताबाही दिला, खाली अब्बांचा अंगठा. अब्बा आयुष्यभर सही करत आले. "हात थरथरायचा," म्हणे. साक्षीदार तेच दोघे. माझी अर्धी कुठे गेली विचारलं. "भाई, तू ताबा कधी घेतलास? एकदा तरी पाय ठेवलास इथे?" त्याच्या बायकोने चहा आणला. मी प्यालोही. हलकटाच्या घरचा चहा.

६ फेब्रु., फुजैरा
कादरभाई डोक्याला हात लावून बसले. "ताबा दुसऱ्याच्या हाती दिलात? अहो, ताबा नाही तर हिबा कसला?" हिबाची भानगड केलीच नसती तर दोन वाटे घरबसल्या माझे होते. बहिणीचा एक मारायला गेलो. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. मुलगा म्हणतो, "Papa, why don't you just sue him?" याला काय सांगू की कोर्टात पहिला प्रश्न मलाच विचारतील, बहिणीला का वगळलंत.

१८ मे
झुबेदाने सलीमवर दावा लावला. त्याचा कागद खोटा ठरला तर माझ्या अर्ध्याचे तरी पुन्हा पाच वाटे. म्हणजे माझेही दोन. अर्ध्या बागेचं खरं बोलणं झालं होतं, हे सांगणारा फक्त मी. दुबईला कॉन्सुलेटमध्ये प्रतिज्ञापत्र करायचं. तिच्या वकिलाचा मसुदा आज आला. कलम एक: बहिणीला हिस्सा मिळू नये या हेतूने मी वडिलांकडून फोनवर हिबा करवून घेतला.

१९ मे
फोन केला. कलम एक काढता येईल का, वकिलाला विचार म्हटलं. कोर्टात वाचतील, गावभर होईल.
"वकिलाने नाही घातलं ते," झुबेदा म्हणाली. "मी घालायला लावलं."
मग तिने पोरांची चौकशी केली.

२६ मे
सुट्टीचं मागे बोललो होतो; आज फोरमनने आपणहून विचारलं, दुबईला कधी जायचंय, गुरुवार देतो. सांगतो म्हटलं.