कोटी कोटी नमस्कारांपैकी एक

ती. दादास,

एक नमस्कार. (एकच, पण वाकून केलेला, आणि सध्या माझी कंबर धरली आहे हे लक्षात घे. तुझ्या पत्रातले कोटी कोटी नमस्कार आईला वाचून दाखवतो तेव्हा ती दर वेळी विचारते, कोटी म्हणजे किती रे? मी म्हणतो, पुष्कळ. मग ती म्हणते, एवढे करताना त्याची पाठ भरून येत असेल, नको म्हणावं.) तुझी प्रकृती कशी आहे हे विचारत नाही, कारण ती परवा मी डोळ्यांनी पाहिली. गाल छान वर आले आहेत. इकडे सगळं ठीक, फक्त आईचे मोतीबिंदू पिकले आहेत. डॉक्टर म्हणतात, आता लांबवाल तर पस्तावाल. आई म्हणते, मोठा आल्याशिवाय डोळ्याला हात लावू देणार नाही, पट्टी सुटल्यावर आधी तोच दिसला पाहिजे. (माझं तोंड काय, घरचंच आहे, कधीही बघता येतं.)

परवा म्हणजे तुझ्या व्याख्यानाला. तू आमच्या गावात येऊन महाप्रचंड संख्यांवर बोलणार आहेस, हे मला तुझ्याकडून नाही, संस्थेच्या चिटणिसांकडून कळलं, कारण त्यांना खुर्च्या हव्या होत्या. मी खुर्च्या भाड्याने देतो. (धाकटा 'आयोजन क्षेत्रात' आहे असं तू चारचौघांत सांगतोस म्हणे. सांग बापडा. डोक्यावरून खुर्च्या वाहिल्या तेव्हा त्या क्षेत्राला हे नाव नव्हतं.) आता दिवे आणि कर्णेही माझेच आहेत, आणि मंचामागे उभं राहून राहून माझे कान इतके तयार झालेत की वक्त्याच्या घशातली थाप ओठावर येण्याआधी ऐकू येते. चिटणीस म्हणाले, हजारो श्रोते लोटतील. आमच्या धंद्यात हजारो म्हणजे शंभर, शेकडो म्हणजे वीस, आणि 'निवडक दर्दी' म्हणजे चिटणीस, त्यांची बायको आणि जबरदस्तीने आणलेला मेव्हणा. मी बेतानेच खुर्च्या मांडल्या. रिकाम्या खुर्च्या पाहून वक्ता खचतो. भावाचं काळीज आहे शेवटी.

आई सकाळपासून ठेवणीतले कपडे घालून दारात बसली होती. वरच्या खोलीत तुझ्यासाठी गादी घालून घेतली, उशीची खोळ दोनदा बदलायला लावली. व्याख्यान झालं की तू घरी येणार, यात तिला शंका नव्हती. मला होती, पण माझी शंका कोण विचारतो!

तू बोललास मात्र झकास. लाखापर्यंत लोकांच्या चेहऱ्यावर काळजी होती, कारण तेवढ्याशी माणसाचा संबंध येतो. कोटीला माना डोलल्या. अब्जाच्या पुढे सगळे एकदम निवांत झाले. खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी असा तू जिने चढत गेलास आणि चिटणिसांचे मेव्हणे जलधीत बुडाले, ते पार टाळ्यांनाच वर आले. मला एक मात्र कळलं नाही. जलधीनंतर अंत्य येतं, म्हणजे शेवटचं, आणि त्यानंतर मध्य, आणि मग परार्ध. शेवट झाल्यावर मधला भाग कसा येतो? मग आठवलं, वडिलांच्या वेळी तूही शेवट आटोपल्यावरच आला होतास. तेव्हा पद्धत शास्त्रशुद्ध असणार. समारोपाला म्हणालास, परार्धापुढे उभं राहिलं की माणूस नम्र होतो. हे वाक्य माझ्या कर्ण्यांतून फारच खणखणीत गेलं.

मग कोणाला काही विचारायचंय का, असं झालं. दुसऱ्या ओळीत माझ्या शेजारी बसलेली आई माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली आणि म्हणाली, "जेवलास का रे?"

लोक हसले. तूही हसलास. म्हणालास, "हा प्रश्न परार्धाच्याही पलीकडचा आहे," आणि मग चिटणिसांना, "त्या आजींना कोणीतरी पाणी द्या." पुन्हा हशा. पुढचा प्रश्न.

आता तू म्हणशील, तोंडावर दिवे असले की मंचावरून खालचं काही दिसत नाही. दादा, दिवे माझे आहेत. लावताना मी स्वतः मंचावर उभा राहून पाहतो. दुसऱ्या ओळीतल्या माणसाच्या सदऱ्याचं तुटलेलं बटणसुद्धा दिसतं. तू मागच्या दाराने चिटणिसांच्या गाडीत बसलास, मी खुर्च्या गोळा केल्या. आईची तेवढी शेवटी उचलली.

कळलं असेलच.

तुझा धाकटा

ता. क. : एकदा ये. कोटीदा नको, अब्जाचा तर विषयच नको. एकदा, दवाखान्यात, पट्टी सोडताना. गादी अजून घातलेलीच आहे.

आणखी एक ता. क. : परतताना रिक्षात आई म्हणाली, "आवाज अगदी त्याच्यासारखा होता, नाही? पण तो नव्हे. आपला असता तर जेवलो म्हणाला असता." मी म्हटलं, खरं आहे. तिने आता ठरवून टाकलंय की तू आयत्या वेळी आजारी पडलास आणि त्यांनी दुसऱ्याच कोणाला तरी उभं केलं. तेव्हापासून तुझ्या काळजीने तिला घास जात नाही. म्हणून येशील तेव्हा गाल जरा आत ओढून ये. आजार कोणता झाला होता ते आधी मला कळव, म्हणजे दोघांच्या तोंडून एकच निघेल.